‘गॅस’ शब्दाचे पाच अर्थ आणि घरगुती शेगडीची निगा

१. विषयप्रवेश

स्वयंपाकाच्या शेगडीची निगा हा विषय भाषाविभागाच्या पत्रिकेत यावा, ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु एखादे उपकरण बिघडले म्हणजे सर्वप्रथम जे घडते ते भाषिकच असते. घरातील माणूस बिघाडाचे वर्णन करतो आणि दुरुस्ती करणारा त्या वर्णनावरून दोषाविषयी तर्क बांधतो. वर्णन ढिले असेल तर तर्क चुकतो. आणि जेथे ज्वालाग्राही इंधनाचा संबंध आहे, तेथे चुकलेला तर्क फार महाग पडतो.

ह्याचा अनुभव प्रस्तुत लेखकास स्वतःच्याच घरी आला. काही वर्षांपूर्वी एके दुपारी घरात गॅसचा वास येऊ लागला. वृद्ध मावशी घरात एकट्याच होत्या. त्यांचा दूरध्वनी येताच लेखकाने सांगितले, “मावशी, आधी गॅस बंद कर.” त्यांचे उत्तर आले, “अरे, तो कधीच केला!” मावशींनी शेगडीची दोन्ही बटणे फिरवून बंद केली होती. गळती मात्र रेग्युलेटर आणि शेगडी यांना जोडणाऱ्या नळीला पडलेल्या चिरेतून होत होती. लेखकाच्या मनात ‘गॅस बंद करणे’ म्हणजे रेग्युलेटर बंद करणे असे होते. मावशींच्या मनात शेगडी बंद करणे असे होते. शेजारच्या बाईंनी येऊन रेग्युलेटर फिरवीपर्यंत वीस मिनिटे वायू खोलीत येत राहिला. अनर्थ टळला, पण दोघेही निर्दोष मराठी बोलत असता आणि दोघांचेही बोलणे खरे असता हा धोका उद्भवला, हे विसरता येत नाही.

२. एक शब्द, पाच अर्थ

‘गॅस’ हा शब्द सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट ह्या फ्लेमिश रसायनज्ञाने घडविला. ग्रीक भाषेतील ‘खाओस’ ह्या शब्दावरून त्याने तो घेतला. ज्याला आकार नाही असे द्रव्य, असा त्यामागील भाव होता. मराठीत आल्यावर ह्या शब्दाने आपला निराकारपणा वेगळ्या रीतीने सांभाळला आहे. पुढील वाक्ये पाहावीत : ‘गॅसचा वास येतो’ (इंधनवायू), ‘आज गॅस आला’ (सिलिंडर), ‘दूध गॅसवर ठेव’ (शेगडी), ‘गॅस बारीक कर’ (ज्योत), ‘आमच्याकडे अजून गॅस नाही’ (जोडणी). संदर्भाने प्रत्येक ठिकाणी अर्थ स्पष्ट होतो, म्हणून नित्य व्यवहारात अडचण येत नाही.

आपल्या काव्यशास्त्रात ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ हे लक्षणेचे प्रसिद्ध उदाहरण आहे. प्रवाहावर वाडा असणे अशक्य, म्हणून ऐकणारा ‘गंगेच्या तीरावर’ असा अर्थ घेतो. ‘दूध गॅसवर ठेव’ ह्या वाक्यातील लक्षणा ह्याच जातीची आहे. मुख्यार्थाला बाध येतो तेव्हाच लक्षणा जागी होते. ‘गॅस बंद कर’ ह्या आज्ञेत मात्र कोणत्याच अर्थाला बाध येत नाही. बटण, रेग्युलेटर आणि ज्योत ह्या तिन्ही गोष्टी बंद करता येतात; त्यामुळे ऐकणारा आपल्या सवयीचा अर्थ घेतो आणि तेथेच थांबतो. म्हणून शेगडीच्या दोषनिदानाची पहिली पायरी ही की, ‘गॅस’ ह्या एका शब्दाचे त्याच्या भागांत विभाजन करावे.

३. वायूचा मार्ग

हे विभाजन वायूच्या मार्गाप्रमाणे केल्यास लक्षात ठेवण्यास सोपे जाते. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम द्रवरूप इंधन असते. ते मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण होय. सिलिंडरच्या तोंडाशी झडप असते आणि तिच्यावर रेग्युलेटर बसतो. सिलिंडरमधील मोठा दाब उतरवून तो पाण्याच्या सुमारे ३० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका करणे, हे त्याचे काम. तेथून रबरी नळीने वायू शेगडीत येतो. शेगडीत बटणाखालचा कॉक, त्यापुढे बारीक छिद्राचा पितळी जेट, मग मिश्रणनळी आणि शेवटी बर्नर असा क्रम आहे. जेटमधून वेगाने निघणारा वायू मिश्रणनळीच्या तोंडाशी आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. हे मिश्रण बर्नरच्या छिद्रांतून बाहेर पडून जळते. बन्सेनच्या प्रयोगशाळेतील ज्योतीचे तत्त्वही हेच आहे.

ह्यावरून एक उपयुक्त नियम मिळतो. दोष एकाच बर्नरला असेल तर तो त्या बर्नरच्या कॉकपासून पुढे शोधावा. सर्व बर्नरना सारखाच असेल तर सिलिंडर, रेग्युलेटर किंवा नळी यांत शोधावा. ‘गॅस मंद झाला’ असे म्हणण्याऐवजी ‘डावीकडचा बर्नर मंद झाला, उजवा ठीक आहे’ असे म्हटले, तर अर्धे निदान वाक्यातच होते.

४. ज्योतीची भाषा

निरोगी ज्योत निळी, स्थिर आणि बर्नरला धरून असते. तिच्यातील बदल ही दोषाची लक्षणे होत; परंतु ती नेमकी वाचावी लागतात.

ज्योत पिवळी होणे. वरण उतू गेल्यावर ज्योतीत क्षणभर नारिंगी-पिवळी छटा दिसते. ती मिठातील सोडियममुळे येते आणि लवकरच जाते. ज्योत सतत पिवळी, लांब व मऊ राहून भांड्यांच्या बुडाला काजळी धरू लागली, तर मात्र मिश्रणात हवा कमी पडते आहे असे समजावे. मिश्रणनळीच्या तोंडाशी धूळ, कोळ्याचे जाळे किंवा झुरळ अडकलेले असणे, बर्नरचे झाकण नीट न बसणे, छिद्रांत खरकटे साचणे, ही ह्याची नेहमीची कारणे आहेत. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी आणि गंधहीन वायूही निर्माण होतो. तेव्हा ही केवळ भांडी काळी होण्याची तक्रार मानू नये. खिडकी उघडी ठेवून दोष त्वरित दूर करावा.

ज्योत बर्नरपासून सुटून वर उडणे. ह्याचे कारण उलट असते : हवा अधिक किंवा वायूचा दाब अधिक. सर्वच बर्नरवर असे होत असेल तर रेग्युलेटरचा संशय घ्यावा आणि तो घरी न उघडता वितरकाकडून तपासून घ्यावा.

‘भक्’ असा आवाज होऊन ज्योत आत शिरणे. येथे ज्योत बर्नरच्या छिद्रांवर न जळता मागे जाऊन मिश्रणनळीत, जेटच्या तोंडाशी जळत असते. बटण तत्काळ बंद करावे, बर्नर निवू द्यावा आणि त्याचे झाकण स्वच्छ करून नीट बसवावे. झाकण झिजून छिद्रे मोठी झाली असतील तर ते बदलणेच इष्ट.

लायटर नसलेल्या, आपोआप पेटणाऱ्या शेगडीत टकटक आवाज येऊनही ठिणगी पडत नसेल, तर बहुधा ठिणगीच्या टोकावर ओल किंवा तेलकटपणा असतो. तो कोरड्या कापडाने पुसावा. बटण घट्ट झाल्यास त्यात खाद्यतेल सोडू नये. कॉकला त्याचेच विशिष्ट ग्रीस लागते, आणि ते काम कारागिराचे आहे.

५. ‘पिन मारणे’ : एका जुन्या शब्दप्रयोगाची हानी

नवे उपकरण आले तरी जुन्या उपकरणाची क्रियापदे घरात राहतात, आणि क्रियापदांबरोबर कृतीही राहतात. रॉकेलच्या वातीविरहित स्टोव्हला पंप मारणे आणि पिन मारणे हे ज्यांनी पाहिले आहे, ते गॅसची शेगडी मंदावली की सहज म्हणतात, ‘जरा पिन मारा.’ स्टोव्हच्या निपलमध्ये काजळी अडकत असे, म्हणून तेथे पिन मारणे हाच उपाय होता. गॅसच्या जेटचे छिद्र मात्र ठरावीक मापाचे असते आणि पितळ मऊ असते. पोलादी पिनेने ते रुंदावले की वायू जास्त येतो, त्या प्रमाणात हवा ओढली जात नाही, आणि जी पिवळी ज्योत घालवायची तीच कायमची होते. म्हणून येथे कर्म स्पष्ट बोलणे आवश्यक आहे : बर्नरच्या झाकणातील छिद्रे सुईने किंवा ब्रशाने मोकळी करावीत; जेट कारागिराकडून स्वच्छ करून किंवा बदलून घ्यावा.

पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूची जोडणी घेतानाही जेटचा प्रश्न येतो. तो वायू मुख्यतः मिथेन असून त्याचे जेट निराळ्या मापाचे असतात. सिलिंडरवरची शेगडी जेट न बदलता त्यावर वापरू नये.

६. वास आला असता

सिलिंडरमधील वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येणारा उग्र वास हा त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. म्हणजे हा वास मनुष्याने योजलेला एक संकेतच होय. त्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे हाक ऐकून ओ न देणे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. (पाइपचा वायू हलका असल्याने वर जातो.)

अशा वेळी आधी शेगडीची सर्व बटणे आणि लगेच रेग्युलेटर बंद करावा. पाइपची जोडणी असल्यास भिंतीवरील मुख्य कॉक बंद करावा. दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण चालू करू नये आणि चालू असलेले बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. सिलिंडर हाताळणे सुरक्षित असेल तर रेग्युलेटर काढून झडपेवर टोपी बसवावी. घराबाहेर येऊन मगच १९०६ ह्या आपत्कालीन क्रमांकावर किंवा वितरकास कळवावे. गळती शोधण्यासाठी काडी कधीही ओढू नये. साबणाचे पाणी जोडांवर लावावे, बुडबुडे येतील तेथे गळती.

७. नित्याची निगा

रोजच्या स्वयंपाकानंतर, शेगडी निवल्यावर, ओल्या कापडाने पुसावी. आठवड्यातून एकदा बर्नरची झाकणे साबणाच्या कोमट पाण्यात घासून पूर्ण कोरडी करून बसवावीत. नळी दर महिन्यास हाताने चाचपून पाहावी. ती वाकलेली, तापणाऱ्या भागाला टेकलेली किंवा भिंतीतून नेलेली नसावी. चीर दिसल्यास तत्काळ, आणि न दिसली तरी पाच वर्षांनी, ती बदलावी. सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडीच्या पातळीखाली ठेवावा. रात्री रेग्युलेटर बंद करावा.

८. समारोप

भाषा सुधारल्याने नळीची चीर बुजत नाही, हे खरे. परंतु चीर कोठे आहे हे दुसऱ्यास वेळेवर कळावे, एवढे काम भाषा करू शकते. त्या दुपारनंतर लेखकाच्या घरी ‘गॅस बंद कर’ हे वाक्य मागे पडले आहे. त्याजागी ‘बटण बंद कर’ आणि ‘वरचा रेग्युलेटर बंद कर’ अशी दोन वाक्ये रूढ झाली आहेत. मावशींनी ती प्रथम हसून आणि मग काटेकोरपणे उचलली. वाचकांनीही आपल्या घरातील सर्वांस, विशेषतः घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांस, रेग्युलेटर हाताने दाखवून त्याचे नाव सांगावे, आणि तो त्यांच्याकडून एकदा बंद करवून घ्यावा.