मातीच्या कार्डावर नसलेला रकाना

लोणारच्या विवरात उतरताना तळं नीट दिसण्याआधी त्याचा वास येतो. काठचा ओला गाळ बोटांत चोळला तर साबणासारखा बुळबुळीत लागतो. इथल्या खाराला पूर्वी बाजार होता आणि प्रतवारीप्रमाणे त्याला नावंही होती: दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. अशा गाळात काही जगत असेल, असं सहसा कुणाला वाटणार नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. प्रज्ञा कानेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नेमका तोच शोध घ्यायचा होता. जानेवारी २००२ मध्ये त्यांनी इथलं पाणी आणि गाळ तपासायला नेला. सामू भरला १०.५. सामूचा प्रत्येक अंक दहा पटींचा असतो, म्हणजे साध्या उदासीन पाण्याच्या तीन हजार पटींहून जास्त अल्कता. तरीही या नमुन्यांतून त्यांनी जिवाणूंचे १९६ वाण वेगळे काढले. त्यांतले ६४ बारकाईने तपासले, त्यांतून ३१ निवडून त्यांचं गणगोत लावलं. हे सगळं छापून आलं २००८ मध्ये. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाची कारकीर्द या गतीने चालते. एका हिवाळ्यातला चार बाटल्या गाळ पुढची सहा वर्षं पुरतो. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा कॅमेरे मात्र लगेच पोचले होते. तो रंग हॅलोआर्किया या खारप्रिय सूक्ष्मजीवांचा, हेही आघारकर संस्थेनेच सांगितलं.

अशा खारात जिवाणू टिकतो कसा? बाहेर कितीही अल्क असलं तरी पेशीच्या आतला सामू त्याला खाली ठेवावाच लागतो. त्यासाठी त्याच्या पेशीपटलात एक फिरतं दारच असतं. आतला सोडियम बाहेर ढकलायचा आणि त्याच्या बदल्यात हायड्रोजनचा आयन आत घ्यायचा, असा व्यवहार तिथे अखंड चालतो. सोडियमला घराबाहेर ठेवणं हीच त्याची सगळी कमाई.

बुलडाणा जिल्ह्यात माणसं ‘घाटावर’ किंवा ‘घाटाखाली’ राहतात. लोणार घाटावर. घाट उतरून शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे गेलं की पूर्णेचं खोरं लागतं आणि खारपाण पट्टा सुरू होतो. इथे विहिरीला पाणी असतं, पण ओलित करता येत नाही, कारण ते खारं. काळी जमीन पावसात चिकटून बसते आणि वाळली की ढेकूळ दगडासारखं होतं. इथेही गाठ सोडियमशीच आहे, फक्त त्याला बाहेर काढणारं दार बंद पडलेलं.

ते का बंद पडलं, हे शोधण्यात नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतले डॉ. दिलीपकुमार पाल यांनी उमेदीची वर्षं घातली. बलपांडे, देशपांडे आणि पाल यांचा पूर्णा खोऱ्यावरचा शोधनिबंध १९९६ चा. चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांच्यासाठी जणू बाकं मांडलेली असतात. पाऊस कमी आणि ऊन फार अशा हवेत कॅल्शियमची चुनखडी होऊन ती खाली बसते, आणि रिकाम्या बाकावर सोडियम येऊन बसतो. त्याचा वाटा वाढला की मातीचे कण एकमेकांना सोडतात, छिद्रं बुजतात, पाणी खाली जाईनासं होतं. पुस्तकांतली जुनी मर्यादा होती १५ टक्के सोडियम. पूर्णेच्या मातीचा निचरा मात्र पाच टक्क्यांनाच बिघडायला लागतो, असं या अभ्यासात दिसलं. शेतकऱ्याच्या हातून काही चुकलं नसतानाही जमीन बिघडू शकते, हे त्यातून कळलं. जमीन नापीक झाली की आधी शेतकऱ्यालाच बोल लावणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा.

छिद्रं बुजली की हवा जाते, आणि हवेवाचून मातीतले बहुतेक उपयोगी जिवाणू मंदावतात. पेरणीच्या वेळी दहा किलो हरभऱ्याला २५० ग्रॅमचं रायझोबियमचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळतात, सावलीत वाळवतात. सगळं नीट केलं तरी ते बिचारे जिवाणू अखेर उतरतात ते या कोंदट घरात.

आता गंमत अशी, की या जमिनीला हवा असलेला कॅल्शियम तिच्याच पोटात आहे, चुनखडीच्या खड्यांत कोंडलेला. बाहेरून जिप्सम आणून टाकता येतं, आणि ते लागू पडतं, पण पैसे मोजून. दुसरी किल्ली मुळांकडे आणि जिवाणूंकडे आहे. ती श्वासोच्छ्वास करतात, त्यातला कार्बन डायऑक्साइड मातीतल्या पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होतं, आणि त्या आम्लात चुनखडी थोडी थोडी विरघळते. सुटलेला कॅल्शियम सोडियमला बाकावरून उठवतो, आणि पावसाने निचरा झाला तर उठलेला सोडियम खाली वाहून जातो. ताग किंवा धैंचा फुलोऱ्यात गाडायचा सल्ला नत्रासाठी देतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खारपाण पट्ट्यात त्याचं दुसरं काम या श्वासाचं. जिवाणूंना खायला घातलं की ते जोरात श्वास घेतात.

हे सगळं ज्यांच्या जिवावर चालतं, त्यांची नोंद कुठे आहे? २०१५ पासून देशभर वाटली जाणारी मृदा आरोग्य पत्रिका काढून पाहा. तिच्यात बारा रकाने आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. नाव आरोग्याचं, पण त्यात सजीव मोजणारा एकही रकाना नाही. जिवाणूंच्या सगळ्यांत जवळ जातो तो सेंद्रिय कर्ब, आणि तो म्हणजे त्यांचा शिधा. शिधापत्रिकेवरून घरात माणसं किती, हे कळेलच असं नाही. अर्थात, गावोगावच्या नमुन्यांतले जिवाणू मोजायचे तर नमुना थंड ठेवा, लवकर पोचवा अशी शंभर झेंगटं आहेत, त्यामुळे प्रयोगशाळांना पूर्ण दोष देता येत नाही.

एक साधी युक्ती मात्र परदेशातले शेतकरी करतात, आणि ती कापसाच्या जिल्ह्याला शोभेल अशी आहे. बिनरंगाच्या शुद्ध सुती कापडाचा एक तुकडा मृगात वीतभर खोल पुरायचा. सूत म्हणजे सेल्युलोज, जिवाणू-बुरशींचं खाद्य. पोळ्याच्या सुमारास उकरून पाहायचं, किती शिल्लक आहे ते. जागेवर काठी रोवून ठेवायची, नाहीतर पोळ्याआधीच ते फडकं डवऱ्याच्या पासेला अडकून वर यायचं.