आरसिंक: कॉपी मधेच तुटली तरी पहिल्यापासून नको

समजा, घरच्या लग्नाचे ४० जीबी फोटो-व्हिडिओ जुन्या लॅपटॉपवरून नव्यावर न्यायचेत. वायफायवर ९० टक्के कॉपी झाली आणि लाइट गेली. राउटर बंद. आता?

एससीपी कमांड वापरली असेल, तर पुन्हा श्रीगणेशा. समोर काय पोचलंय ते एससीपी बघतच नाही. भाईंदरहून विरारला घर हलवताना पहिल्या फेरीत गेलेलं कपाट आपण दुसऱ्या फेरीत परत भरतो का? एससीपी भरतं. आरसिंक आधी तिकडच्या घरात डोकावतं.

आरसिंक १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आणलं. ते आधी फाइलची साइज आणि बदलाची वेळ बघतं. दोन्ही सारखं असेल तर फाइल सोडून देतं. फरक असेल तर समोरचं मशीन आपल्याकडच्या फाइलचे तुकडे करून प्रत्येकाचा चेकसम, म्हणजे छोटा ठसा, पाठवतं. इकडून फक्त न जुळणारा भाग जातो.

कमांड अशी: आरसिंक, डॅश ए, डॅश कॅपिटल पी, आपला फोल्डर, मग यूजरनेम ॲट समोरचा आयपी, कोलन, तिकडचा फोल्डर. ‘ए’मुळे आतले फोल्डर, तारखा, परमिशन्स तशाच राहतात. कॅपिटल ‘पी’ प्रोग्रेस दाखवतो आणि अर्धवट फाइल जपून ठेवतो. दोन्हीकडे आरसिंक हवं, समोर एसएसएच चालू हवं. अँड्रॉइडवर टर्मक्स टाकलंत तर फोनवरूनही जमतं.

आता दोन गोष्टी नीट ऐका. आपल्या फोल्डरच्या नावापुढे स्लॅश दिला तर फक्त आतला माल जातो. नाही दिला तर अख्खा फोल्डर जातो. आणि डॅश डॅश डिलीट! इकडे जे नाही, ते हा ऑप्शन तिकडून उडवतो. चुकून रिकामा फोल्डर दिलात तर तिकडचे फोटो साफ. म्हणून आधी डॅश एन लावून रंगीत तालीम करा. त्यात काय होणार ते दिसतं, होत काहीच नाही. यादी दिसायला डॅश व्ही पण जोडा.

शेवटी, जुना लॅपटॉप फॉरमॅट करण्याआधी तीच कमांड डॅश सी लावून परत चालवा. आता साइज-वेळेवर न थांबता दोन्हीकडचा मजकूर चेकसमने तपासला जातो. वेळ लागेल, लागू दे. एकही फाइल नव्याने गेली नाही, की मगच जुनं पुसा.