ब्रश गेला, आता हाती काय?

मैत्रिणींनो, लोणच्यावर तेलाचा थर का ठेवायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हवा-पाणी लागलं की बुरशी आलीच! इन्व्हर्टर, गाडी, विजेचा मीटर यांच्या पोटातल्या सर्किट बोर्डालाही असंच जपावं लागतं. त्यावर जो पारदर्शक थर देतात, त्याला म्हणतात ‘कन्फॉर्मल कोटिंग’. ॲक्रिलिकचा थर साधारण ३० ते १३० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास. आपल्या वसई-विरारच्या खाऱ्या, दमट हवेत तो नसेल तर बोर्ड गंजायला वेळ लागत नाही.

१९७३ मध्ये अंधेरीला ‘सीप्झ’ सुरू झालं. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत बायका मोठ्या संख्येने कामाला लागल्या. कारण काय, तर ‘बायकांची बोटं नाजूक’! कोटिंगही असंच बोटांचं काम. जिथे थर नको तिथे चिकटपट्टी लावायची, ब्रश फिरवायचा, वाळलं की पट्टी काढायची. पण त्या द्रावणात बऱ्याचदा टोल्युइन, झायलीनसारखी रसायनं असतात. त्यांच्या वाफेने डोकं दुखतं, गरगरतं. गरोदर बाईने तर त्यापासून लांबच राहावं.

आता हे काम यंत्र करतं. कुठे फवारायचं, कुठे नाही, हे त्याला आधी प्रोग्रॅममध्ये सांगून ठेवायचं. मग बंद पेटीत नोझल तेवढ्याच जागी थर देतं. पट्टीचं काम कमी, थर सारखा, वाफ पंख्याने बाहेर. तब्येतीच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण चार ब्रशवालींचं काम एका यंत्राने केलं, तर त्या चौघींनी जायचं कुठे?

यंत्राला माणूस लागतोच. नोझल तुंबतं, ते साफ करावं लागतं. बोर्ड बदललं की प्रोग्रॅम बदलावा लागतो. थरात चमकणारा रंग मिसळलेला असतो. अतिनील दिव्याखाली बोर्ड धरून कुठे जागा सुटली, कुठे बुडबुडा आला, हे पाहावं लागतं. वर्षानुवर्षं ब्रश फिरवलेल्या बाईला हे पटकन दिसतं. मग यंत्र शिकवायच्या वेळी नेमका नवा मुलगाच का पुढे केला जातो?

वालीव, सातिवली, गोखिवरेच्या गाळ्यांत कामाला जाणाऱ्या सख्यांनो, कारखान्यात नवं यंत्र आलं की पहिल्याच दिवशी विचारा, ‘आम्हाला कधी शिकवणार?’ एकटीने नको, चौघींनी मिळून विचारा. बचत गटात हिशेब मांडणाऱ्या आपण, पडद्यावरची चार बटणं काय अवघड आहेत?