जुन्या डब्यातले मणी

अंबरपेठेत आमच्या गल्लीत मला पुष्कळजण ‘गाठवणाऱ्या काकू’ म्हणूनच ओळखतात. तुटलेली पोत, सैल झालेली चिंचपेटी, सर सुटलेला तन्मणी, मणी गळालेले मंगळसूत्र असे काही ना काही घेऊन काचीगुडा, बडी चावडी, शहालीबंडा इथल्या जुन्या मराठी घरांतल्या लेकीसुना ‘छे नंबर’च्या थांब्यावर उतरतात आणि पत्ता विचारत येतात. दागिना बहुधा डब्यात असतो. डबा बिस्किटांचा, नाहीतर तपकिरीचा, क्वचित चांदीचा करंडा. डब्यात दागिना एकटा कधीच नसतो. सोबत दोन-चार पोवळी, तीन तऱ्हांचे काळे मणी, आजोबांच्या शेरवानीचे बटण, एखादा भोकाचा पैसा अशी मंडळी असतात. आणि डबा माझ्या हाती देताना बहुतेकींच्या तोंडी एकच वाक्य असते, ‘काकू, वजनावर देऊन टाकणार होतो; म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावं.’

या वजनावर देऊन टाकण्याविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

सराफाचा काटा खोटा असतो असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्याला सोन्याखेरीज दुसरे काही कळत नाही, एवढेच. बोरमाळ मोडीत निघाली की तिच्या पोकळ मण्यांतली लाख जळून जाते, काळे मणी झाडून टाकले जातात, मोती पुडीत बांधून परत मिळतात आणि दोरा तर हिशेबातही धरला जात नाही. आपल्या हाती येते ती पावती : इतके ग्रॅम, इतकी घट. अडीअडचणीला सोने विकावे लागते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण विकावयाचे म्हणजे सगळेच आटवावयाचे, ही समजूत मात्र नवी आहे. आपल्या आज्या-पणज्यांची रीत तशी नव्हती, आणि त्यांचे दागिनेही तसे घडवलेले नव्हते.

‘गाठवणे’ हा शब्द हल्लीच्या मुलींना नवा वाटतो. सोनाराने मणी घडवावेत आणि पटवेकऱ्याने ते रेशमात गाठवून द्यावेत, अशी पूर्वी कामाची वाटणी होती. आमच्याकडे येणारा म्हातारा पटवा ओसरीवर बसे, पायाच्या अंगठ्याला रेशमाचा फास अडकवी आणि दोन्ही हात मोकळे ठेवून पीळ देत, गाठ मारत, शेवटी गोंडा बांधून उठे. त्याच्यासमोर बसून मी ही विद्या उचलली. अंगठ्याची युक्ती मात्र गुडघे दुखू लागल्यापासून सुटली; आता मेजाच्या कडेला एक खिळा ठोकून घेतला आहे.

मोत्यांच्या सरात दर दोन मोत्यांमध्ये गाठ का मारतात, हे मला नेहमी विचारले जाते. दोरा तुटला तर एकच मोती पडावा, सगळा सर ओघळू नये, हे एक कारण. मोत्याला मोती घासू नये हे दुसरे. मोती फार मऊ. साध्या धुळीच्या कणानेही त्यावर ओरखडा उठतो. तो चुन्याच्याच जातीचा असल्यामुळे घाम, अत्तर, लिंबाचा रस यांनी त्याचे पाणी उतरते. म्हणून अत्तर आधी लावावे, मोती सर्वांत शेवटी घालावेत, आणि काढल्यावर मऊ कापडाने पुसून सोन्यापासून वेगळे, पुरचुंडीत ठेवावेत. जुन्या मोत्यांचे वेज फार बारीक असते, कारण ते हाताने, दोन्ही बाजूंनी पाडलेले असते. सुई जात नाही म्हणून वेज मोठे करण्याचा मोह होतो. तेवढे करू नये. रेशमाच्या टोकाला डिंक लावून वाळवावे. तेच टोक सुईचे काम करते.

दुसरा ठरलेला प्रश्न : ‘हे बसरा मोतीच ना?’ बसरा मोती बसऱ्यात पिकत नसत. इराणच्या आखातात, बहरीनच्या बाजूला पाणबुडे शिंपले काढीत, आणि मोती बसऱ्याच्या बाजारातून इकडे येत म्हणून त्यांना ते नाव. जपानच्या मिकिमोतोने १८९३ साली शिंपल्यात मोती धरवून दाखवला. १९२० नंतर असे लागवडीचे गोल मोती जगाच्या बाजारात आले, आणि पुढच्या काही वर्षांत आखातातला तो पिढ्यानपिढ्यांचा धंदा बसला. आज आपल्या पत्थरगट्टीत दिसणारे बहुतेक मोती चीनमधल्या गोड्या पाण्यातले आहेत. मोती दातावर घासून पाहण्याची जुनी रीत काचेचा खोटा मोती ओळखण्यापुरती ठीक. समुद्राने आपणहून दिलेला मोती कोणता आणि लागवडीचा कोणता, हे दात सांगू शकत नाहीत. त्याची खात्रीची परीक्षा क्ष-किरणांचीच. तेव्हा आजीच्या नथीतले वाकडेतिकडे, पिवळसर पडलेले मोती ‘जुने झाले’ म्हणून टाकून देऊन पांढरेशुभ्र नवे बसवण्याआधी, एकदा परीक्षा करून घ्यावी.

निजामाच्या जवाहिरातला सातलडा पुष्कळांनी सालारजंग म्युझियममधल्या प्रदर्शनात पाहिला असेल. भारत सरकारने १९९५ साली २१८ कोटी रुपयांना घेतलेल्या १७३ नगांपैकी तो एक. सात पदर, ४६५ मोती. लोक हिऱ्याभोवती गर्दी करीत होते. माझी नजर मात्र त्या पदरांवरून हलेना. एवढे मोती चढत्या-उतरत्या आकाराने जुळवून, सातही पदर गळ्यावर एकमेकांत न अडकता पडतील असे गाठवणाऱ्याला किती दिवस लागले असतील, याचाच मी विचार करीत होते.

मौज अशी की ज्या दागिन्यांना आपण अस्सल मराठी म्हणून मिरवतो, त्यांतला कच्चा माल फार लांबून आलेला असतो. मोती आखातातला, पोवळे इटलीकडच्या समुद्रातले, काचमणी कधी व्हेनिसचा, कधी बोहेमियाचा, तर कधी आंध्रातल्या पापानायडुपेटच्या भट्टीतला. नावे मात्र आपण आपल्या शेतातली आणि कोठारातली दिली : जोंधळी पोत, जवमाळ, बोरमाळ, पोहेहार, चिंचपेटी. दुरून आलेला मणी इथल्या बाईने आपल्या ओळखीच्या दाण्याशेजारी बसवला, आणि तो इथला झाला. हे आजचेही नाही. तेरला, म्हणजे जुन्या तगराला, आणि इथून जवळ संगारेड्डीकडच्या कोंडापूरला जमिनीतून काचेचे, दगडाचे, शंखाचे, भाजलेल्या मातीचे ढीगभर मणी निघाले. दोन्ही गावे तेव्हाच्या निजामी राज्यातली, दोन्ही सातवाहनांच्या काळातली. दोरे केव्हाच कुजून गेले, मणी तेवढे राहिले. म्हणून कोणता मणी कोणत्या मण्याशेजारी होता, हे आज कोणालाच सांगता येत नाही.

आता पुतळ्यांच्या माळेची एक हकीकत सांगते. मागे तीन बहिणी आल्या. आई गेल्यावर तिची माळ वाटून घ्यावयाची होती. पुतळ्या अठ्ठावीस. भावाने सुचवले होते की माळ आटवावी आणि सोने तिघींनी समान घ्यावे; म्हणजे कोणाला कमी-जास्त व्हावयाचे नाही. थोरलीला ते पटत नव्हते. मधलीला मुलाच्या कॉलेजच्या फीची निकड होती, ती गप्प होती. धाकटी दोघींकडे आळीपाळीने पाहत होती.

मी एक पुतळी भिंगाखाली धरली. एका बाजूला दोन माणसे; एक उभा, एक गुडघे टेकलेला, मध्ये निशाणाची काठी. आपल्याकडे त्यांना राम-सीता म्हणतात, कोणी राम-लक्ष्मण. मुळात हे व्हेनिसचे सोन्याचे नाणे, डुकाट. १२८४ साली ते पहिल्यांदा पाडले गेले आणि १७९७ साली ते राज्य बुडेपर्यंत चालू राहिले. उभा आहे तो त्या शहराचा संत मार्क, आणि गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, सोने जवळजवळ शुद्ध. म्हणून व्यापाऱ्यांबरोबर ते थेट दख्खनपर्यंत आले, चालले, आणि पुढे आपल्या सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या. या माळेतल्या पुतळ्याही नकलाच होत्या. अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा. मधली म्हणाली, ‘म्हणजे आई लक्ष्मीपूजनाला ज्यांना हळदकुंकू वाहायची ते राम-सीता नव्हतेच?’ मी म्हटले, ‘व्हेनिसला नव्हते. तुमच्या घरी होते.’ पुतळ्यांच्या खाचांत हळद खरोखरच बसली होती. रिठ्याच्या पाण्याने माळ धुतली तेव्हा ती हळद मी कोरून काढली नाही.

मग मी त्यांना सांगितले की ही माळ आहे, तशी ती पिशवीही आहे. प्रत्येक पुतळीला स्वतंत्र कडी असते ती याचसाठी. गरज पडली की एक काढावी, दोन काढाव्यात, उरलेल्या पुन्हा गाठवाव्यात. तुमच्या आईकडे अठ्ठावीस आल्या, तिच्या सासूकडे कदाचित चाळीस असतील. मधल्या कुठल्या दुष्काळाला, कुठल्या लग्नाला गेल्या असतील. असे हे स्त्रीधन. ते वाटण्यासाठी आटवावे लागत नाही.

तेव्हा नऊ-नऊ पुतळ्या तिघींना दिल्या. नऊ पुतळ्यांनी गळा भरत नाही, म्हणून आईच्याच डब्यातली पोवळी आणि काळे मणी मध्ये घातले. थोरलीच्या माळेत पोवळी जास्त, धाकटीच्या माळेत काळे मणी. उरली एक. तिच्यावरून पुष्कळ बोलणे झाले. शेवटी मधलीनेच तोंड उघडले, ‘आईचं आजारपण वहिनीने काढलं. ही तिच्या मंगळसूत्रात घाला.’ महिन्याभराने मधली पुन्हा आली. तिने आपल्या नवांतल्या चार विकल्या होत्या. फी भरली गेली. उरलेल्या पाच मी मण्यांची जागा वाढवून तिला नीट गाठवून दिल्या. ती जरा ओशाळली होती. मी तिला सांगितले, माळेचे कामच ते आहे.

सोन्याचे असे, तर बाकीच्या ऐवजाचे काय? तोही टाकू नये. भोकाचा पैसा घ्या. युद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा, १९४३ साली, सरकारने मध्ये मोठे भोक ठेवून पैसा काढला. भोक आयतेच असल्याने तो काळ्या रेशमात फार छान बसतो. आपल्या हाली सिक्क्याच्या, चारमिनार असलेल्या चांदीच्या रुपयाला मात्र भोक पाडू नये. लंबाडा बायका करतात तशी कडी लावून घ्यावी, नाणे जसेच्या तसे राहते. सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब ज्यांच्या घरात चालला, त्यांच्या नातींच्या गळ्यात तो रुपया शोभतो.

बिदरी बटणे पुष्कळ डब्यांत सापडतात. शेरवानी गेली, बटणे राहिली. दोन बटणे आणि काळे मणी एवढ्यात सुरेख गळेसर होतो. ही बटणे चिंचेने घासू नयेत. बिदरीत जस्त अधिक, तांबे थोडे. आणि तिचा काळा रंग बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांनी आणलेला असतो. आंबटाने तो जातो. तेलाचे बोट फिरवून कापडाने पुसावे, चांदीची वेल पुन्हा उठून दिसते.

गुंजा मात्र मी ओवत नाही. लाल-काळी गुंज देखणी खरी, आणि आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा असे तिचे सोन्याशी जुने नातेही आहे. पण बी भारी विषारी. भोक पाडले की विष उघडे पडते आणि घरात लहान मुले असतात. त्यापेक्षा वैजयंतीचे बी घ्यावे. त्याला देवानेच आरपार वाट दिलेली असते.

ज्यांच्या घरी असा डबा असेल त्यांनी, सराफाकडे जाण्यापूर्वी, एका दुपारी तो पांढऱ्या कापडावर उपडा करावा. मोती, पोवळी, काच, नाणी वेगळी लावावीत. काय कोणाचे, हे सांगणारे माणूस घरात असेल तर त्याला शेजारी बसवून लिहून घ्यावे. नेहमी अंगावर असणाऱ्या पोतीचे रेशीम वर्षा-दोन वर्षांनी बदलावे, दोरा तुटण्याची वाट पाहू नये. गाठवणारे मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे. पण ही विद्या चार दुपारींत हाताला लागते. शनिवारी तीन-चार मुली माझ्याकडे येतात, त्या आता माझ्याहून बारीक गाठ मारतात.

आणि मी काय घेते, असे विचारणाऱ्यांसाठी : रेशमाचे पैसे, आणि एक चिठ्ठी. मणी कोणाचे, कोणत्या गावाहून आले, कोणाच्या लग्नात घातले होते, जे ठाऊक असेल ते दोन ओळींत. चिठ्ठी लिहिल्याशिवाय मी डबा उघडत नाही. ती लिहावयास बसलेली बाई निम्म्या वेळा उठते, घरी फोन लावते आणि म्हणते, ‘थांबा काकू, आत्याला विचारते.’