कासवासाठी दिवा निवडताना

शांतीनगरपासून नवघरपर्यंतच्या सदनिकांमध्ये कुत्र्यामांजराला जागा नसली, तरी बैठकीच्या खोलीतील काचेच्या टाकीत एखादे कासव सहज सामावते. नाण्याएवढे आणलेले हे पिल्लू थोड्याच दिवसांत मुलांचे लाडके होते. पुढे कधीतरी त्याची पाठ बोटाने दाबली तर दबते, कवचाच्या कडा वर वळतात, मागचे पाय फरफटत ते चालते. ‘याला ऊन मिळत नाही’ असे कोणीतरी सांगते आणि दिव्याचा शोध सुरू होतो. ज्या खोलीत हा दिवा जळणार, तिथेच मुले अभ्यास करतात आणि आजी-आजोबा बसतात. त्यामुळे ही निवड कासवाइतकीच कुटुंबाच्याही आरोग्याची आहे.

आधी कासव कोणते ते पाहा

पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले तारा कासव अनेक जण शुभ मानून घरी आणतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ते अनुसूची १ मध्ये आहे आणि ते घरी बाळगणे हा गुन्हा आहे. आपल्या तळ्यांतील देशी कासवेही पाळता येत नाहीत. असे कासव घरात असेल, तर दिवा विकत घेण्याऐवजी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर संपर्क साधावा. सल्काटासारख्या परदेशी भूकासवांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करावी लागते. आपल्याकडे घरोघरी दिसते ते बहुधा डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले, अमेरिकेतून आलेले रेड-इअर्ड स्लायडर हे पाणकासव. पुढील विवेचन मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

मुडदूस माणसाचा आणि कासवाचा

१९१९ साली बर्लिनमधील बालरोगतज्ज्ञ कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या क्वार्ट्‌झ दिव्याचा प्रकाश टाकला आणि त्यांची हाडे बळकट होऊ लागल्याचे दाखवून दिले. कासवाची कथा याच जातीची आहे. सूर्यप्रकाशातील सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या, म्हणजे यूव्ही-बी लहरी त्वचेत ड-३ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार करतात. शरीराच्या उष्णतेने त्याचे ड-३ होते आणि मग आहारातील कॅल्शियम शोषले जाते. आपले शरीर सदैव उबदार असते. कासवाला मात्र ऊबही बाहेरूनच घ्यावी लागते. म्हणून ऊब एका कोपऱ्यात आणि किरण दुसऱ्या कोपऱ्यात, ही मांडणी उपयोगाची नाही. दोन्ही एकाच जागी, वरून मिळायला हवेत.

कोवळे ऊन आणि खिडकीची काच

सकाळच्या कोवळ्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळते, ही समजूत घट्ट रुजलेली आहे. वास्तविक सूर्य क्षितिजालगत असताना यूव्ही-बी किरण वातावरणातच अडतात. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडू लागली, की ते किरण पुरेसे मिळू लागतात. सरकत्या खिडकीची काच मात्र हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते, उष्णता तेवढी आत सोडते. काचेआडच्या टाकीतील कासवाला ताप होतो, लाभ होत नाही. थेट उन्हात ठेवलेली काचेची टाकी तर काही वेळातच प्राणघातक तापते.

गच्ची वा उघडी बाल्कनी असेल तर ऑक्टोबर ते मे या काळात बहुधा दिव्याची गरजच पडत नाही. प्लास्टिकच्या रुंद टबात थोडे पाणी घालावे, निम्म्या भागावर सावली करावी, कावळे-घारींपासून रक्षणासाठी वर जाळी ठेवावी आणि आपल्या देखरेखीखाली अर्धा तास ऊन द्यावे. दिवा खऱ्या अर्थाने लागतो तो पावसाळ्यात आणि जिथे थेट ऊन पोहोचतच नाही अशा घरात.

नाव एक, दिवे तीन

दुकानात ‘यूव्ही दिवा’ मागितला तर तीन निरनिराळ्या वस्तू हाती येऊ शकतात. जांभळ्या प्रकाशाचे स्वस्त एलईडी हे बहुधा यूव्ही-ए असतात. त्यांनी ड जीवनसत्त्व तयार होत नाही. मत्स्यालयाचे पाणी निर्जंतुक करणारा किंवा करोनाकाळात खोल्या निर्जंतुक करण्यासाठी विकला गेलेला दिवा यूव्ही-सी असतो. तो उघडा लावल्यास माणूस आणि कासव दोघांचेही डोळे व त्वचा भाजतात. तो टाकीवर कदापि लावू नये. हवा तो सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेला यूव्ही-बी दिवा. त्याच्या वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख आणि योग्य अंतराचा तक्ता असतो. तो नसेल, तर दिवा घेऊ नये. छोट्या बल्बपेक्षा लांब ट्यूब बरी, कारण तिचे किरण मोठ्या जागेवर समान पसरतात.

ट्यूब आणि कासवाची बसण्याची जागा यांतील अंतर वेष्टनावरील तक्त्यानुसारच ठेवावे. मध्ये काच किंवा अ‍ॅक्रिलिकचे झाकण नको. बारीक जाळीसुद्धा किरणांचा मोठा वाटा अडवते. दिवा दिवसा दहा-बारा तास पुरे, रात्री काळोख हवा. यूव्ही-बी ट्यूबचा उजेड टिकून राहिला तरी तिचे किरण आधीच क्षीण होतात. सहा ते बारा महिन्यांत, उत्पादकाच्या सूचनेनुसार ती बदलावी आणि बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी.

उष्णतेच्या बाबतीत आपली हवा आपल्याला साथ देते. बसण्याच्या दगडावर ३० ते ३५ अंश सेल्सिअस पुरेसे असते. मे महिन्यात खोलीच तेवढी तापते, तेव्हा उष्णतेचा दिवा बंद ठेवावा. जानेवारीत वा वातानुकूलित खोलीत तो लागू शकतो. तापमापक भिंतीवर न लावता दगडावर ठेवून मोजावे. टाकीचा काही भाग थंड असावा, म्हणजे कासव स्वतःच आपली जागा निवडते.

घरातील माणसांसाठी

यूव्ही-बी दिव्याकडे कोणीही टक लावून पाहू नये. तो डोळ्यांच्या पातळीखाली, वरून झाकलेला असावा. किरणांनी डोळा भाजला तर त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. अशा वेळी डोळे चोळू नयेत आणि डॉक्टरांना दिव्याची माहिती आवर्जून द्यावी.

उष्णतेचा बल्ब चिनी मातीच्या होल्डरमध्ये, साखळीने पक्का टांगलेला, पडद्यापासून दूर आणि मुलांच्या हाताबाहेर असावा. तापलेल्या बल्बवर पाण्याचा शिंतोडा उडाला तर तो फुटतो. तार प्लगच्या खाली झोल देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही. घराच्या जोडणीत गळतीरोधक स्विच असावाच.

कासवाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. पाच वर्षांखालील मुले, गर्भवती, वृद्ध आणि कर्करोगाचे उपचार घेणारे यांनी विशेष जपावे. टाकी स्वयंपाकघरातील सिंकमध्ये धुऊ नये.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. घरोघरी असणारी ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी कासवाच्या पाण्यात मिसळू नये. अतिरिक्त मात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे निकामी होतात. मऊ पडलेले कवच हा आजार आहे, नुसता दिवा लावून तो उतरेल असे नाही. परळच्या बैलघोडा रुग्णालयात किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडे कासव न्यावे. एवढी निगा झेपणार नसेल, तर ते वसई खाडीत वा जवळच्या तलावात सोडू नये, कारण तिथे हे परदेशी कासव देशी कासवांच्या अन्नावर आणि जागेवर घाला घालते. स्लायडर वीस-तीस वर्षे जगते. पिल्लू आणण्यापूर्वी दिवा कुठे टांगायचा आणि दहा वर्षांनी तो कोण बदलणार, एवढे घरात बसून ठरवावे.