लोटस १०८
लोटस १०८ ही लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीने विकसित केलेली ट्रॅक शर्यतीची सायकल आहे. तिची मूळ रचना माइक बरोज यांची असून फ्रेम कार्बन फायबरची व एकसंध कवचाची आहे.

इतिहास
आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने १९९० मध्ये एकसंध फ्रेमवरील बंदी उठवल्यावर लोटसने ही रचना हाती घेतली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये क्रिस बोर्डमन यांनी या सायकलवर ४,००० मीटर वैयक्तिक पाठलाग शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. ब्रिटनचे हे सायकलिंगमधील ७२ वर्षांतील पहिले सुवर्णपदक होते.

ओळख व संग्रह
लोटस १०८ मोजक्याच संख्येने तयार झाल्या. बाजारात आढळणारी सायकल बहुधा लोटस ११० ही तिची रस्त्यावरील आवृत्ती असते. १०८ चे पुढचे चाक एकाच बाजूच्या दांड्यावर बसवलेले असते आणि तिला ब्रेक व बदलते गिअर नसतात. ११० मध्ये पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरलेले असते. त्यामुळे केवळ बोधचिन्हावरून सायकलची ओळख ठरवता येत नाही. २००० पासून लागू झालेल्या नियमांनी पारंपरिक त्रिकोणी फ्रेम बंधनकारक केल्याने या सायकली महासंघाच्या शर्यतींतून बाद झाल्या व संग्राह्य वस्तू ठरल्या.