वांगणीच्या फौजदाराला दाखवलेला सिनेमा

कर्जत लोकलने बदलापूर सोडलं की पुढचं स्टेशन वांगणी. १९१२ साली या गावच्या देवळात काही अनोळखी मंडळी मुक्कामाला आली. तोंडाला रंग, अंगावर राजेरजवाड्यांचे पोशाख आणि हातात ढाली, तलवारी, भाले! गावकऱ्यांनी दरोडेखोर समजून फौजदाराला वर्दी दिली. फौजदाराने येऊन ट्रंका उघडायला लावल्या, तर आत दागिने. मग काय, सगळे कोठडीत.

ही मंडळी होती दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची. फाळके आणि त्यांचे कॅमेरामन त्र्यंबक तेलंग तेव्हा त्र्यंबकेश्वरला चित्रण करत होते. आम्ही येईपर्यंत वेष चढवून तालमी करत राहा, एवढंच नटांना सांगून ठेवलेलं. ‘आम्ही सिनेमा काढतोय’ हे फौजदाराला काही केल्या पटेना, आणि मला विचाराल तर त्याचं काही चुकलं नाही. मुळात सिनेमा पाहिलेले लोकच तेव्हा मोजके, त्यात तो काढताना पाहिलेलं कोण असणार?

अटकेचं कळताच फाळके तातडीने आले. फौजदाराला सगळं समजावलं, कॅमेरा पुढ्यात ठेवला, नटांना उभं केलं आणि एक प्रवेश चित्रित करून दाखवला. कॅमेऱ्यात फिल्म नव्हती! फौजदाराची खात्री पटली आणि माणसं सुटली. त्यातला एक जण इतका घाबरला होता की सुटल्यावर गावातून पळूनच गेला.

रिकामा कॅमेरा का? फाळक्यांनी कारण लिहून ठेवलंय की नाही, याच्या फंदात न पडता फिल्मचाच हिशेब मांडू. एक फूट लांबीच्या पट्टीवर १६ चित्रं बसतात. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं, म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. गुणाकार केला तर ५९,२०० चित्रं आणि ४,७३,६०० भोकं, तीही फक्त शेवटी पडद्यावर गेलेल्या भागाची. तेव्हा कच्ची फिल्म कोरी यायची. भोकं पाडायचं यंत्र फाळक्यांनी इंग्लंडहून कॅमेऱ्याबरोबरच मागवलं होतं, आणि दादरच्या घरात रात्री अंधार करून त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पट्टीला भोकं पाडायच्या. रसायनं कालवणं, फिल्म धुणं ही कामंही त्याच करत. वर युनिटचा स्वयंपाक! आपल्या सिनेमाच्या इतिहासात या बाईंना अजून पुरेशी जागा मिळालेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

या भोकांवाचून मात्र सगळंच अडतं. कॅमेऱ्याच्या आत एक बारीकसा आकडा असतो. तो भोकात अडकतो, फिल्म एक घर खाली ओढतो आणि सुटतो. ओढताना भिंगामागची झडप बंद. फिल्म थांबली की झडप उघडते, उजेड आत येतो, पुन्हा बंद. सेकंदाला साधारण सोळा वेळा हा खेळ चालतो. गंमत अशी की ‘चलच्चित्र’ म्हणतात त्यातलं एकही चित्र चालत्या फिल्मवर उमटत नाही. प्रत्येक चित्रासाठी फिल्मला क्षणभर थबकावं लागतं. हे सगळं चालायचं हाताने. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे. हात रेंगाळला की पडद्यावरची माणसं धावत सुटणार. तेलंगांच्या हातात ही लय होती, म्हणून हरिश्चंद्र राजासारखा चालला.

आता उजेडाकडे वळू. फाळक्यांचा दिवा एकच, सूर्य. दादरचे सेटसुद्धा उन्हातच. नटाच्या चेहऱ्यावर सावली पडली तर पांढरी चादर धरून ऊन तिकडे वळवायचं. आज लग्नाच्या फोटोग्राफरचा पोऱ्या चंदेरी रिफ्लेक्टर धरून उभा असतो ना, तेच काम. शिवाय त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल लुगडं काळं यायचं, ओठ काळे यायचे, म्हणून चेहऱ्यावर वेगळाच रंग थापावा लागे. याच दोषाचा एक फायदाही होता. डार्करूममध्ये लाल दिवा बिनधास्त लावता यायचा.

निळा रंग मात्र या फिल्मला अतोनात दिसायचा. वांगणी-बदलापूर भागात उभं राहिलं की समोर चंदेरीचा सुळका दिसतो. दूरच्या डोंगरावर जी निळसर झाक असते, ती हवेने विखुरलेल्या निळ्या उजेडाची. आपला डोळा ती समजून घेतो आणि डोंगर बघतो. जुनी फिल्म आधी ती झाकच टिपायची, त्यामुळे आभाळ पांढरंफटक आणि डोंगर धुरकट. आजचा कॅमेरा यात खूपच पुढे गेला आहे, पण हवा तीच आहे. म्हणून इथले जाणते फोटोग्राफर श्रावणातली एखादी जोरदार सर ओसरायची वाट बघतात. धूळ बसलेली असते, आणि पुढची काही मिनिटं चंदेरीच्या कातळाच्या चिरा मोजता येतील इतकी हवा लख्ख होते.

दोन स्टेशनं मागे, अंबरनाथला, उजेडाचा प्रश्न उलटा आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख मिरवणारं शिलाहारांचं शिवमंदिर काळ्या दगडाचं आहे, आणि हा दगड ऊन गिळतो. देऊळ पश्चिमाभिमुख, त्यामुळे सकाळी दर्शनी भाग सावलीत. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचा. पण वरचं शिखर अपुरं, उघडं, म्हणून उजेड थेट आभाळातून पिंडीवर येतो. मंडपाच्या काळोखातून तिकडे कॅमेरा रोखला की पंचाईत होते. मंडपातले खांब दिसावेत तर गाभारा पांढरा जळतो, गाभारा सांभाळावा तर खांब बुडतात.

हे देऊळ १८६०च्या दशकातच फोटोत आलं. तेव्हा फिल्म नव्हती, काच होती. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, कोकणच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. म्हणून फोटोग्राफरबरोबर काचा, बाटल्या, पाणी आणि तंबूतली अंधारखोली असं बिऱ्हाड निघायचं. १८५६ साली रेल्वे कल्याणहून पुढे खोपोलीच्या वाटेला लागली होती, हे नशीबच. नाहीतर एवढं काचसामान बैलगाडीतून आणताना काय उरलं असतं कोण जाणे.

देवळांचे फोटो घेणारे आणि सिनेमा काढणारे ही वेगळी माणसं, असं वाटू शकतं. फाळके दोन्ही होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, गोध्र्याला फोटोस्टुडिओ काढला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ब्लॉक बनवले, छापखाना काढला. सिनेमासाठी भांडवल हवं होतं तेव्हा वाटाण्याचं रोप उगवताना महिनाभर थोडीथोडी चित्रं घेत राहिले आणि महिनाभराची वाढ डोळ्यांदेखत करून दाखवली. ते पाहून पैसे द्यायला तयार झाले यशवंतराव नाडकर्णी, फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी. माल ओळखणारा माणूस!

या पट्ट्यातला आजचा फोटोग्राफरही काही एकाच धंद्यावर जगत नाही. रात्री उल्हासनगरच्या कॅम्पात सिंधी लग्न, पहाटे बदलापूरजवळ प्री-वेडिंग, मधे एखाद्या मालिकेच्या सेटवर स्थिरचित्रं काढायला जाणं, आणि पावसाळ्यात स्वतःसाठी डोंगर. या सगळ्या कामांत खरी ओढाताण उजेडाशीच, फक्त आता चूक लगेच मागच्या पडद्यावर दिसते आणि फुकटात दुरुस्त होते.

आणि वांगणी? १७ एप्रिल २०२१ रोजी तिथल्या फलाटावरून अंध आईबरोबर चाललेलं मूल रुळांवर पडलं. समोरून एक्स्प्रेस येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके धावत गेले आणि त्याला वर उचललं. ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. टिपलं होतं स्टेशनच्या सीसीटीव्हीने. कॅमेऱ्यामागे कुणी नव्हतं.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. आज त्यातली सुमारे १,४७५ फूट फिल्म उरली आहे, आणि तीही १९१७च्या दुसऱ्या आवृत्तीची असावी, असं काही अभ्यासक मानतात. इंटरनेटवर ती सहज सापडते. बघाल तेव्हा कथेइतकंच सावल्यांकडे लक्ष ठेवा. सूर्य कुठे होता ते कळतं.